दोन रिमोट, एक ड्रोन

आम्ही वर्सोव्याहून बोलतोय. वर्सोव्याच्या बायका म्हटल्यावर तुम्हाला सुकटीचा आणि ओल्या मासळीचा विषय अपेक्षित असेल. तो पुन्हा कधीतरी. आज आम्ही ड्रोनविषयी बोलणार आहोत, आणि ड्रोनमधलीही एकच गोष्ट सांगणार आहोत: दोन रिमोट एकमेकांना जोडून एका बाईने दुसरीला उडवायला कसं शिकवायचं.

आम्ही पाच-सहा जणी आहोत. काही कोळीवाड्यातल्या, काही शेजारच्या वस्तीतल्या. आमच्यातल्या एकीच्या घरात रिमोटची छोटी विमानं उडवण्याचा नाद होता, त्यातून आम्ही हे शिकलो. दुसरीच्या माहेरच्या गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. तिथल्या बायका सुट्टीत मुंबईला आल्या की आमच्याकडे बसून सराव करू लागल्या. हे बोलणं त्या सरावातून आलेलं आहे.

आधी थोडं योजनेविषयी. केंद्र सरकारने २९ नोव्हेंबर २०२३ रोजी महिला बचत गटांना ड्रोन देण्याच्या योजनेला मंजुरी दिली. तिलाच आपण नमो ड्रोन दीदी म्हणतो. देशभरातल्या १५ हजार गटांना ड्रोन द्यायचं तेव्हा ठरलं. ड्रोन आणि त्याच्या सामानाच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये, सरकार देतं. उरलेली रक्कम गट कर्ज म्हणून उभी करू शकतो, आणि त्या कर्जाच्या व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे. गटातल्या एका सभासद बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यातले ५ दिवस ड्रोन उडवण्याचे आणि १० दिवस शेतात खत-औषध फवारण्याचे. शिवाय दुरुस्तीची, फिटिंगची आवड असलेल्या गटातल्या किंवा घरातल्या एखाद्या माणसाला ड्रोनचा मदतनीस म्हणून शिकवतात.

आता हिशोब बघा. यंत्र लाखांचं. कर्ज सगळ्या गटाच्या डोक्यावर. आणि उडवणारी एकटी. ती बाळंतपणाला गेली, आजारी पडली, नाहीतर लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली, तर ऐन फवारणीच्या दिवसांत यंत्र झाकून ठेवावं लागतं. आणखी एक गोष्ट तर आपण सगळ्याच जाणतो. बाई शिकून येते, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं, आणि शेतात रिमोट मात्र दिराच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. "तुला जमायचं नाही, पाडशील, दे इकडे." असं चारदा झालं की बाईचा हात बसतच नाही. मग खरंच जमत नाही.

हात कसा बसवायचा, हा म्हणून खरा प्रश्न आहे. त्याला चांगलं उत्तर आहे, आणि ते जुनं आहे.

तुमच्या घरी नवा गोऱ्हा औताला शिकवताना काय करतात? त्याला एकट्याला जुंपत नाहीत. जाणत्या बैलाच्या जोडीला घालतात. नवा भरकटला तरी जुना तास सोडत नाही. आमच्याकडे होडीवर तेच. नव्या पोराच्या हाती सुकाणू देतात ते खाडीच्या तोंडाशी नाही, मोकळ्या पाण्यात. आणि तांडेल हाताच्या अंतरावर बसून राहतो. गप्प बसतो, पण हात पोचेल असा बसतो.

विमानाचंही असंच आहे. आमच्या शेजारीच जुहूचा विमानतळ आहे. १९२८ साली तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच काळातला. तेव्हाच्या आपल्या फ्लाइंग क्लबांत मॉथ नावाची छोटी विमानं होती. त्यांना एकामागे एक अशा दोन बैठका, आणि दोन्ही बैठकांपुढे चालवायच्या दांड्या. एका दांडीवर शिकणारा, दुसरीवर शिकवणारा. दोन्ही दांड्या आतून जोडलेल्या.

ही पद्धत शिस्तीत बसवली ती इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट गावी, १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने तिथे शिक्षकांची शाळा चालवली. इंजिनाच्या आवाजात शिकवणाऱ्याचं बोलणं ऐकू जावं म्हणून तिथे एक रबरी नळी वापरत. एका टोकाशी तोंड, दुसऱ्या टोकाशी कान. त्याचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याला अवघड प्रसंगापासून नुसतं लांब ठेवून भागत नाही. शिक्षक सोबत असताना त्याला त्या प्रसंगात जाऊ द्यावं आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते त्याच्या हाताने करून घ्यावं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

ड्रोनमध्ये मात्र कोणीच बसत नाही. दोघी जमिनीवर उभ्या. मग जोडी कशी घालायची? रिमोटला रिमोट जोडून. याला ट्रेनर जोडणी म्हणतात. हौशी लोक बडी बॉक्स असंही म्हणतात.

ती चालते कशी ते सांगतो. रिमोटला दोन दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डावी स्टिक वर-खाली केली की ड्रोन वर-खाली होतो, डावी-उजवी केली की जागच्या जागी तोंड फिरवतो. उजवी स्टिक पुढे केली की ड्रोन पुढे, मागे केली की मागे, आणि बाजूला केली की त्या बाजूला सरकतो. स्टिक कुठे आहे हे रिमोट हवेतून ड्रोनला सतत कळवत असतो.

जोडणीत रिमोट दोन, पण ड्रोनशी बोलणारा एकच. तो शिकवणारीचा. शिकणारीचा रिमोट ड्रोनशी बोलतच नाही. त्यातून एक बारीक वायर निघते आणि शिकवणारीच्या रिमोटच्या पाठीला जाते. त्या वायरीतून शिकणारीच्या स्टिक कुठे आहेत एवढंच सांगितलं जातं. एकामागून एक ठोके जातात, एका स्टिकच्या एका दिशेला एक ठोका. ठोका लांब की आखूड, त्यावरून स्टिक किती ढकलली ते कळतं. स्टिक मधोमध असेल तर ठोका सेकंदाच्या हजारांश भागाच्या दीडपट. एका टोकाला गेली की साधारण एकपट, दुसऱ्या टोकाला दुप्पट. ही सगळी माळ सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा फिरते, म्हणून आपल्याला मध्ये खंड जाणवत नाही.

शिकवणारीच्या रिमोटवर एक खटका असतो. तो दाबून धरला की तिचा रिमोट स्वतःच्या स्टिक बाजूला ठेवतो आणि वायरीतून आलेल्या स्टिक ड्रोनला पाठवतो. म्हणजे ड्रोन शिकणारीच्या हातात. खटका सोडला की त्याच क्षणी ड्रोन शिकवणारीच्या हातात.

इथे जात्याची आठवण येईल. एकाच खुंट्याला दोघींचे हात, एक दमली तर दुसरी ओढते. पण फरक ध्यानात घ्या. जात्यावर दोघी एकदम जोर लावतात. ट्रेनर जोडणीत एका वेळी एकीचंच चालतं. दोघींची ओढाताण होत नाही, आणि ड्रोन कोणाचा हा प्रश्न हवेत लटकत राहत नाही.

आता तो खटका. तो स्प्रिंगचा असावा, बोट उचललं की आपोआप परत जाणारा. साधं वर-खाली राहणारं बटण यासाठी वापरू नये. कारण सांगतो. आमच्या लोकल गाडीच्या मोटरमनला हँडल दाबूनच धरावं लागतं. त्याला भोवळ आली आणि हात सुटला तर गाडीला ब्रेक लागतो. इथे तसंच आहे. शिकवणारी दचकली, घाबरली, तर तिचं बोट सुटणार. सुटलं की ड्रोन जाणत्या हातात येणार. बटण शोधत बसायचं नाही, आठवायचं नाही. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे आपसूक सुचतं तेच बरोबर ठरेल अशी ती रचना आहे.

दोन रिमोट जोडायचे कसे, ते क्रमाने ऐका. कागद-पेन घेतलं तरी चालेल.

पहिलं. ड्रोनचे पंखे काढून ठेवा. छोट्या ड्रोनचेसुद्धा. पंखे निघाल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही.

दुसरं. दोन्ही रिमोटच्या पाठीची भोकं बघा. काहींना मोबाईलच्या इअरफोनसारखं गोल भोक असतं, काहींना अनेक पिनांचं. दोन्हीकडे वेगळं असेल तर दोन टोकांना दोन प्रकारची पिन असलेली वायर लागते. गोल पिन बसली म्हणजे जोडणी झाली असं मानू नका. दोन्ही रिमोट एकच भाषा बोलतात का, ते पुस्तिकेत बघा. काही नव्या रिमोटमध्ये वायरीशिवाय ब्लूटूथनेही जोडता येतं. वायरीत पाय अडकत नाही एवढा त्याचा फायदा.

तिसरं. शिकवणारीच्या रिमोटमध्ये 'मास्टर' निवडा, शिकणारीच्या रिमोटमध्ये 'स्लेव्ह' किंवा 'स्टुडंट'. शब्द जुने आणि कानाला वाईट आहेत, पण पडद्यावर तेच लिहिलेलं येतं म्हणून सांगतो. आम्ही आपसात 'ताई' आणि 'नवी' म्हणतो. नवीच्या रिमोटचं ड्रोनशी बोलणं बंद ठेवायचं. काही रिमोट बंदच ठेवायचे असतात, वायर खोचली की ते तेवढ्यापुरते जागे होतात. काही चालू करावे लागतात. हेही पुस्तिकेत असतं.

चौथं. ठोक्यांचा क्रम जुळवा. एका कंपनीचा रिमोट पहिला ठोका उंचीचा पाठवतो, दुसऱ्या कंपनीचा बाजूला सरकण्याचा. क्रम जुळला नाही तर नवी स्टिक डावीकडे ढकलेल आणि ड्रोन वर उसळेल. म्हणून ताईच्या पडद्यावर बघत राहा, नवीला एकेक स्टिक एकेका दिशेला हलवायला सांगा, आणि बरोबर तीच रेघ त्याच दिशेला हलते का ते तपासा. चार हालचाली, चार तपासण्या.

पाचवं. मधली जागा जुळवा. नवीने हात काढून घेतल्यावर तिच्या स्टिक ताईच्या पडद्यावर शून्यावर दिसल्या पाहिजेत. थोड्या सरकलेल्या दिसल्या तर रिमोटमध्ये त्या शून्यावर आणायची सोय असते. हे राहिलं तर खटका दाबताच ड्रोन एका बाजूला चालू लागतो, आणि बिचारी नवी समजते की आपल्याच हाताचा दोष.

सहावं. मोटर बंद करण्याचं बटण, उडण्याची पद्धत बदलण्याचं बटण आणि ड्रोनला घरी परत बोलावण्याचं बटण, ही तिन्ही ताईकडेच ठेवा. नवीकडे फक्त स्टिक.

सातवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. खटका दाबून ठेवा आणि वायर उपटून बघा. काय होतं? चांगल्या रिमोटमध्ये ड्रोन लगेच ताईकडे येतो आणि रिमोट तसं ओरडून सांगतो. तुमच्या रिमोटमध्ये काय होतं ते जमिनीवर, पंखे काढलेले असतानाच बघून ठेवा. वायर सुटते ती नेमकी ड्रोन हवेत असताना, पदरात नाहीतर पायात अडकून. म्हणून पदर खोचून उभं राहायचं, दोघींनी शेजारी, आणि वायर पुढे लोंबू द्यायची नाही.

जोडणी झाली. आता धडा.

पहिल्या दिवशी चारही हालचाली देऊ नका. चांगल्या रिमोटमध्ये एक-एक हालचाल वेगळी देता येते. आधी फक्त डावीकडे-उजवीकडे सरकणं नवीकडे द्या. उंची, तोंड, पुढे-मागे ताईकडे. ते जमलं की पुढे-मागे द्या. मग तोंड फिरवणं. उंची शेवटी. भाकरी शिकवताना आपण पोरीला आधी थापायला देतो, तव्यावर टाकायला नंतर, तसंच.

देण्याआधी दोघींच्या स्टिक एकाच ठिकाणी आणा. ताईची उंचीची स्टिक अर्ध्यावर आहे आणि नवीची तळाला, अशा वेळी खटका दाबला तर ड्रोन धाडकन खाली येईल. म्हणून ताईने विचारायचं, "स्टिक मधे?" नवीने बघून सांगायचं, "मधे."

बोलण्याचे शब्द ठरवून घ्या आणि तेच वापरा. आम्ही दोनच ठेवलेत. "दिला" आणि "घेतला". ताई म्हणते "दिला", नवी म्हणते "माझ्याकडे". मगच खटका दाबायचा. परत घेताना ताई म्हणते "घेतला", नवी म्हणते "तुझ्याकडे", आणि स्टिकवरची बोटं सैल करते. गॉस्पोर्टच्या नळीचं काम हे दोन शब्द करतात. खटका दाबलाय की नाही हे नवीला दिसत नाही. सांगितलं नाही तर ती उगीच स्टिक हलवत राहते आणि तिला वाटतं आपणच उडवतोय.

उंची पुरेशी ठेवा. चूक झाली, ती दिसली, ताईने ड्रोन घेतला आणि सावरला, एवढ्याला वेळ लागतो. तेवढी जागा खाली पाहिजे. फवारणीचा ड्रोन पिकावर दोन-तीन मीटरवरूनच चालतो. तिथे सावरायला जागाच नसते. त्याचे पंखे दोन फुटांहून लांब असतात. दहा लिटरची टाकी भरली की वजनही भारी. म्हणून पहिला हात त्यावर बसवायचा नाही. आधी संगणकावरचा सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा खोटा ड्रोन. दोन रिमोट एकमेकांना आणि ताईचा रिमोट संगणकाला जोडला की हाच सगळा धडा घरात बसून घेता येतो. तिथे कितीही वेळा पाडा, नुकसान नाही. मग छोटा ड्रोन. मग मोठा.

आमच्याकडे सरावाला एक मावशी येतात. आयुष्यभर मासळी विकली, हात वाऱ्यासारखा चालतो. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिक अशी मुठीत धरली जणू कोयताच. आम्ही म्हटलं, मावशी, मीठ घेताना चिमूट करतो ना, तेवढंच. त्यांनी चिमटीत धरली आणि ड्रोन पडद्यावर शांत झाला. अवघड शब्द लागले नाहीत. बायकांच्या हातात ही कामं आधीपासून आहेत. नाव फक्त नवीन आहे.

शिकणारीचं झालं. आता शिकवणारीचं, कारण खरी परीक्षा तिची असते.

खटक्यावर बोट ठेवून दुसरीला चुकू देणं फार अवघड आहे. ड्रोन जरा तिरका झाला की ताईचं बोट उचलतं. नवीला कळायच्या आत ड्रोन सरळ होतो. दहा वेळा असं झालं की नवी काय शिकते? ड्रोन तिरका झाला की कोणीतरी सरळ करतं, एवढंच. स्मिथ-बॅरीचं वाक्य इथे आठवा. अडचणीत जाऊ द्यायचं आणि तिच्याच हाताने बाहेर काढायचं. आम्ही ताईला तीन प्रश्न स्वतःला विचारायला सांगतो. ड्रोन कोणा माणसाकडे किंवा जनावराकडे चाललाय का? झाडाकडे, तारेकडे चाललाय का? सावरायला लागेल त्याहून खाली आलाय का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर तात्काळ घ्या, शब्दसुद्धा नंतर. तिन्हींना 'नाही' असेल तर बोट दाबूनच ठेवा आणि तोंडाने सांगा. "उजवी स्टिक थोडी मागे. आणखी थोडी. बस." तिने सावरला की तो धडा तिचा झाला.

आणि घेतल्यावर परत द्या. हे सगळ्यात जास्त राहून जातं. घेताना सगळ्यांना आठवतं, परत द्यायला कोणाला आठवत नाही. ड्रोन सरळ झाला, जागेवर थांबला, की लगेच "दिला". त्याच वेळी, त्याच धड्यात. चूक करून घरी गेलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही. चूक करून, सावरून गेलेली बाई येते.

आता मघाशी बोललो ते घरातलं. "दे इकडे, पाडशील" म्हणणारा माणूस नेहमी वाईट असतो असं नाही. कर्जाची काळजी त्यालाही असते. पण तो खटका सोडतो आणि पुन्हा कधी दाबत नाही, हे खरं. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा त्यालाही हे तीन प्रश्न शिकवा. ड्रोन माणसाकडे चाललाय? तारेकडे? फार खाली आलाय? नाही ना? मग भाऊ, तुम्ही औषधाच्या टाकीकडे बघा, बॅटऱ्या मोजा, शेताच्या कडेला पोरं येतायत त्यांना थांबवा. मदतनिसाचं काम खरंच मोठं आहे, आणि ते करायला माणूस लागतोच. उडवणारी मात्र प्रमाणपत्रवाली बाई. कायदाही हेच म्हणतो.

कायद्याचं दोन मिनिटांत सांगतो. आपल्या देशात २०२१ चे ड्रोन नियम चालतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो म्हणतात, तो उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून सराव त्यावर. फवारणीचा ड्रोन त्याहून कितीतरी मोठा, त्याला प्रमाणपत्र लागतंच. ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतून मिळतं. वय १८ ते ६५ आणि दहावी पास, या मुख्य अटी. तेव्हा नीट ऐका: घरी दोन रिमोट जोडून सराव केला म्हणजे गटातली दुसरी बाई फवारणीचा ड्रोन उडवायला मोकळी झाली असं नाही. सरावाने हात बसतो, प्रमाणपत्र संस्थेतूनच घ्यायचं. पण हात बसलेली बाई संस्थेत गेली की तिचे ते पाच दिवस भीती घालवण्यात जात नाहीत.

आणि कुठे उडवायचं तेही बघा. देशाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केलेत. विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. आमच्या वर्सोव्याला एवढा मोठा किनारा आहे, पण जुहूचा विमानतळ शेजारी, सहारचा मोठा विमानतळही फार लांब नाही, आणि मुंबईत पोलीसही वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. म्हणून आम्ही किनाऱ्यावर ड्रोन उडवत नाही. खोलीत पडद्यावर सराव करतो आणि खरा छोटा ड्रोन मुंबईबाहेर, हिरव्या भागात उडवतो. तुम्हा गावाकडच्या बायकांना या बाबतीत आमच्यापेक्षा सोय आहे. नकाशा बघून घ्या, आणि विजेच्या तारा, गोठे, वस्ती सोडून मोकळं पडीक रान निवडा.

शेवटी, तुमच्या गटातली बाई प्रशिक्षणाला जाणार असेल तर जाण्याआधी संस्थेला फोन करून चार प्रश्न विचारा. शिकवताना दोन रिमोट जोडता का, की एकच रिमोट हातातून हातात फिरतो? एका तुकडीत किती जणी, आणि एकीच्या हातात रोज प्रत्यक्ष स्टिक किती वेळ येते? सिम्युलेटर आहे का, आणि संध्याकाळी त्यावर बसू देतात का? आम्हाला जो ड्रोन मिळणार त्याच्या रिमोटला ट्रेनर जोडणीची सोय आहे का? प्रत्येक फवारणी ड्रोनला ती असतेच असं नाही. नसेल तर नसू दे, पण आधी माहीत असलेलं बरं. प्रश्न विचारायला लाजायचं नाही. जागा एकीला मिळाली असली तरी कर्ज सगळ्यांचं आहे.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत वहीत एक ठराव लिहा. ड्रोन दीदी परत आली की तिने वर्षभरात आणखी एकीचा हात बसवायचा. ती 'ताई' होईल, दुसरी 'नवी'. नॅनो ड्रोन आणि जोडता येणारे दोन साधे रिमोट, याचा खर्च फवारणीच्या यंत्रापुढे फारच थोडा आहे. तीन-चार गटांनी मिळून एक संच घेतला तरी चालेल, शिलाई मशीन फिरवतो तसा तो फिरवायचा. दुसरीचा हात बसला की तिला प्रमाणपत्राला पाठवायचं. मग पहिली माहेरी गेली तरी ऐन हंगामात तुमचं यंत्र रिकामं बसणार नाही, आणि हप्ता चुकणार नाही.

वहीत आणखी एक तक्ता करा. तारीख, ताई कोण, नवी कोण, किती मिनिटं, आणि ताईला किती वेळा ड्रोन परत घ्यावा लागला. तो शेवटचा आकडा हळूहळू कमी होत जाईल. ज्या दिवशी तो सलग काही धडे शून्य राहील, त्या दिवशी वायर काढून टाका. रिमोट तिच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात मागे बांधून.

तुमच्या गटात हे करून पाहिलं, कुठे अडलं, तर या केंद्राला पत्राने किंवा फोनने कळवा. जोडणीची वायर, क्रम, मधली जागा, काहीही विचारा, आम्ही पुढच्या वेळी सांगू. सुकटीचं बोलणंही बाकी आहे, ते विसरलेलो नाही.